डीन्स्ट: प्रेअरीवरच्या मेनोनाइट सेवाकार्याची पार्श्वभूमी

मेनोनाइट म्हणजे शस्त्र हाती न घेण्याची शिकवण मानणारा एक ख्रिस्ती पंथ; इथे ज्यांच्याबद्दल लिहिलंय ते रशियातून आलेले, जर्मन बोलणारे. प्रेअरीवरच्या, म्हणजे गवताळ मैदानी मुलखातल्या, कॅनडातील मॅनिटोबा व सस्कॅचेवान आणि अमेरिकेतील कॅन्सस इथल्या मेनोनाइट गावांनी १९४० ते १९६० च्या दरम्यान जे मदतकार्य उभं केलं, त्याच्या मुळाशी श्रद्धा होती यात वाद नाही. मात्र त्याला आकार आला तो युद्धकाळातल्या एका भांडणातून, आणि ते भांडण बरंचसं ‘डीन्स्ट’ या जर्मन शब्दाभोवती फिरत होतं. आपल्याकडे लष्करातली सेवा, देवाची सेवा आणि आजाऱ्याची सेवा एकाच शब्दात मावते, तसंच या शब्दाचं आहे. चर्चमधली उपासना म्हणजे ‘गॉटेसडीन्स्ट’, लढाईवर जाणं म्हणजे ‘क्रीग्सडीन्स्ट’, आणि शहरात परक्याच्या घरी धुणीभांडी करणारी मुलगी, तीही ‘डीन्स्ट’मध्येच.

रशियात १८७४ मध्ये सर्वांना लष्करभरती लागू झाली, तेव्हा तिथल्या मेनोनाइटांच्या दोन वाटा झाल्या. काही देश सोडून निघाले. सुमारे ७,००० जण मॅनिटोबात आले, तर त्याहून जास्त अमेरिकेत गेले. मॅनिटोबात आलेल्यांच्या हाती कॅनडा सरकारने १८७३ मध्ये दिलेलं लेखी आश्वासन होतं: लष्करी सेवा माफ. मागे राहिलेल्यांनी तडजोड केली. त्यांची मुलं बंदुकीऐवजी सरकारी जंगलात झाडं लावू लागली आणि त्या छावण्यांचा खर्च समाजाने वर्गणी काढून उचलला. पुढे क्रांती, दरोडेखोर टोळ्या आणि दुष्काळ सोसून यांच्यातलेच वीस हजारांवर लोक १९२३ ते १९३० मध्ये निर्वासित म्हणून कॅनडात उतरले. आधीच्यांना ‘कनाडियर’ म्हणत, नव्यांना ‘रुसलेंडर’. शेतं शेजारी, धर्म एक, पण ‘डीन्स्ट’ म्हटल्यावर प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर येणारं चित्र वेगळं.

१९४० मध्ये कॅनडात भरतीचा कायदा आला आणि हे वेगळेपण थेट ओटावात सरकारपुढे उघडं पडलं. मॅनिटोबाच्या जुन्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं साधं होतं: शब्द दिलाय, तो पाळा. लष्कराच्या बदल्यात दुसरं कुठलंही काम मान्य केलं, तर सदसद्विवेकावर सरकारचा हक्क आहे हे कबूल केल्यासारखंच होईल. रुसलेंडरांच्या पिढीने जंगलसेवा केली होती, पहिल्या महायुद्धात त्यांच्यातले हजारो तरुण जखमी सैनिकांची शुश्रूषा करत होते. त्यांनी सांगितलं, आम्हाला काम द्या, फक्त ते लष्कराच्या हुकमाखाली नको. १९४० च्या नोव्हेंबरात सरकारबरोबर झालेल्या बैठकीत एका लष्करी पार्श्वभूमीच्या अधिकाऱ्याने विचारलं, आम्ही तुम्हाला गोळ्या घातल्या तर? निर्वासितांमधल्या एका वृद्ध उपदेशकाने उत्तर दिलं की अशाने आम्ही घाबरत नाही, बंदुकीच्या नळ्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

कनाडियरांना हटवादी म्हणून बाजूला सारण्याची पद्धत पडली आहे. ते मला पटत नाही. एका कागदाच्या भरवशावर ज्यांच्या आजोबांनी अर्धं जग ओलांडलं, ते तो कागद सहजी कसा सोडतील? तरीही सरकारला काय पटेल हे रुसलेंडरांनी नेमकं ओळखलं होतं आणि पुढचं सगळं त्यांच्याच मार्गाने गेलं.

१९४१ मध्ये रायडिंग माउंटन राष्ट्रीय उद्यानासारख्या ठिकाणी पर्यायी सेवेच्या, म्हणजे लष्कराऐवजी करायच्या नागरी कामाच्या, छावण्या सुरू झाल्या. रोजाला ५० सेंट मिळत. मग ब्रिटिश कोलंबियात वणवे विझवणं आणि रोपं लावणं आलं. १९४३ पासून शेतांवर माणसं कमी पडू लागली, तेव्हा बरेच तरुण तिकडे पाठवले गेले. तिथे पगार बाजारभावाने लागायचा, पण तरुणाच्या हातात महिन्याला साधारण २५ डॉलर पडत आणि उरलेले रेड क्रॉसला जात. असे २० लाख डॉलरांहून अधिक जमा झाले. सदसद्विवेकाच्या कारणावरून लढायला नकार देणाऱ्या मेनोनाइटांची संख्या सुमारे ७,५०० होती. सुमारे ४,५०० तरुण मात्र सैन्यात गेले, आणि परतल्यावर त्यांतल्या अनेकांना चर्चच्या मंडळीत जागा परत मिळवण्यासाठी माफी मागावी लागली. ही जखम फार दिवस भरली नाही.

छावण्यांतून आलेली पिढी पुन्हा गावाच्या वेशीआड राहायला तयार नव्हती. मे १९५० मध्ये रेड नदीला पूर आला तेव्हा वाळूच्या पोत्यांचे बांध घालायला मेनोनाइट तरुण होते. त्याच वर्षी कॅन्ससमधल्या हेस्टन इथे रविवारच्या शाळेतल्या तरुणांच्या सहलीत आपत्तीत धावून जाणारं पथक काढायचं ठरलं. अमेरिकेत पर्यायी सेवेतल्या सुमारे ३,००० जणांनी, त्यात कितीतरी मेनोनाइट, मनोरुग्णालयांत काम केलं होतं. तिथले हाल पाहिल्यामुळेच १९५४ मध्ये कॅन्ससच्या न्यूटन इथे मेनोनाइटांचं स्वतःचं मनोरुग्णालय निघालं. मॅनिटोबात विंकलरला ते १९६७ मध्ये झालं.

या सगळ्यात बायकांच्या ‘डीन्स्ट’चा हिशेब फारसा कुणी मांडत नाही, आणि तो मांडायलाच हवा. रुसलेंडर कुटुंबांच्या डोक्यावर रेल्वे कंपनीचं प्रवासकर्ज होतं, ‘रायझेशुल्ड’. ते फेडायला शेतकऱ्यांच्या मुली विनिपेग, सस्कॅटूनमध्ये श्रीमंतांच्या घरी कामाला राहिल्या. गुरुवारी दुपारी सुट्टी. त्या दिवशी चर्चने चालवलेल्या मुलींच्या वसतिगृहात सगळ्या जमत, आपली भाषा बोलत, गात. पगार गावी जाई. कर्ज १९४६ मध्ये फिटलं, व्याजासकट एकोणीस लाख डॉलरांच्या घरात. गावाकडे शिवणमंडळांत गोधड्या होत, आणि युद्धानंतर परदेशातल्या मुलांसाठी नाताळच्या गाठोड्या: मोठ्या टॉवेलमध्ये कपड्यांचा एक जोड, साबण, एखादं खेळणं, आणि वरून मोठ्या सेफ्टी पिना. पिनासुद्धा मुलाच्या घरी उपयोगी पडाव्यात म्हणून. मॅनिटोबातल्या अल्टोना गावात १९७२ मध्ये मेनोनाइट मदतकार्यासाठी जुन्या कपड्यांचं पहिलं दुकान उघडलं, तेही बायकांनीच.