फास्ट ट्रॅक इमिग्रेशन: नाशिककरांनी अर्ज कधी करावा, कागदपत्रं कोणती लागतात

नाशिकच्या ओझर विमानतळाहून परदेशी जाणारं नियमित विमान नसल्यामुळे नाशिककराचा परदेशप्रवास सुरू होतो तो महामार्गावर. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि कसारा घाट टाळता यायला लागला, पण भिवंडी-ठाण्याची कोंडी आहे तिथेच आहे. त्यात आखात, युरोप, अमेरिकेची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्र ते पहाट याच वेळात सुटतात. वाटेत तास गेला, बॅगा देताना अर्धा तास गेला, आणि समोर इमिग्रेशनची वळणं घेत गेलेली रांग दिसली की घरून कितीही लवकर निघालेला माणूस घड्याळ बघायला लागतो.

यातली शेवटची रांग टाळण्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाची एक योजना आहे. नाव लांबलचक आहे: फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम, थोडक्यात एफटीआय-टीटीपी. २२ जून २०२४ रोजी ती दिल्लीच्या टर्मिनल ३ वर सुरू झाली आणि १६ जानेवारी २०२५ पासून मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद, कोची आणि अहमदाबाद या विमानतळांवर आली. नंतर आणखी काही विमानतळांची भर पडली. ओझरहून दिल्ली किंवा हैदराबाद गाठून पुढे परदेशी जाणाऱ्यांचं इमिग्रेशन त्या शहरात होतं, त्यामुळे त्यांनाही ही सोय लागू पडते.

आधी दोन घोळ मिटवू. डिजियात्रा वेगळी आणि ही योजना वेगळी. डिजियात्रा देशांतर्गत प्रवासात टर्मिनलच्या दारावर आणि सुरक्षा तपासणीत कामाला येते, इमिग्रेशनशी तिचा संबंध नाही. दुसरा घोळ ई-पासपोर्टचा. मुखपृष्ठावर सोनेरी चिपची खूण असलेला नवा पासपोर्ट हातात नसला तरी चालतं, नेहमीच्या पासपोर्टवरही अर्ज होतो.

कोणाला मिळतं

भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारक, दोघांनाही. ओसीआय म्हणजे भारतीय वंशाचे परदेशी नागरिक; आपल्याकडच्या भाषेत अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेली, दर दिवाळीला कॉलेज रोडवर दिसणारी मुलं-सुना. निव्वळ परदेशी पासपोर्टवर, ओसीआय कार्डाशिवाय येणाऱ्यांना सध्या यात जागा नाही. अर्जाला वयाची अट आहे. लहान मुलं यात बसत नाहीत, त्यामुळे कडेवर मूल असेल तर आई किंवा बाबा यांपैकी एकाला नेहमीच्या काउंटरलाच उभं राहावं लागणार. तसं असेल तर सरळ सगळ्यांनीच तिकडे जावं. एकाने पलीकडे जाऊन वाट बघत बसण्यात फारसा अर्थ नाही.

पासपोर्टची मुदत अर्जाच्या वेळी किमान सहा महिने शिल्लक हवी. पण नियमापेक्षा हिशेब महत्त्वाचा. नोंदणी पाच वर्षं चालते, किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. म्हणजे पासपोर्ट वर्षभरात संपणार असेल तर आत्ता केलेली सगळी खटपट वर्षभरापुरतीच. मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून पासपोर्ट नव्याने काढता येतो, आणि त्यासाठी पासपोर्ट सेवा केंद्र नाशिकमध्येच आहे. छत्तीस पानांच्या नेहमीच्या पुस्तिकेला दीड हजार रुपये, तत्काळ हवी तर वर दोन हजार. आधी ते उरकावं, मग नव्या क्रमांकावर हा अर्ज करावा.

अर्ज आणि कागदपत्रं

अर्ज फक्त ऑनलाइन, गृह मंत्रालयाच्या एफटीआय-टीटीपी पोर्टलवर. सरकारी पत्ता जीओव्ही डॉट इन असा संपतो, तेवढं बघूनच माहिती भरावी. मोबाइल क्रमांक आणि ईमेलवर ओटीपी येतात, म्हणून दोन्ही स्वतःचे आणि चालू असलेले द्यावेत. ट्रॅव्हल एजंटचा ईमेल टाकला की पुढचे निरोप त्याच्याकडे जातात, आणि तो सिझनमध्ये असला की आपल्याला कळवायचं राहून जातं.

लागतं ते मोजकंच: पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा अलीकडचा फोटो, पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचं स्कॅन, सध्याच्या पत्त्याचा पुरावा, आणि ओसीआयवाल्यांना कार्डाची प्रत. स्कॅन करताना पासपोर्टवरचं प्लास्टिकचं आवरण काढा. त्याची चकाकी नेमकी क्रमांकावर येते. शेवटच्या पानावर आई-वडिलांची नावं आणि पत्ता असतो, ते पान अर्धवट कापलं जाणार नाही हे पाहा.

जास्त घोटाळा होतो तो नावात. आपल्याकडच्या पासपोर्टात आडनाव एका रकान्यात, आणि स्वतःचं नाव व वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मिळून दुसऱ्या रकान्यात असतं. आधारवर क्रम वेगळा, बँकेत वेगळा, लग्नानंतर तिसराच. अर्जात पासपोर्टावर आहे तसंच, त्याच स्पेलिंगने भरायचं. तिकिटाचंही तेच. पासपोर्टात चूक असेल तर ती आधी तिथे दुरुस्त करून घ्यावी.

शुल्क शून्य. सायबर कॅफेवाल्याने फॉर्म भरून देण्याचे पैसे घेतले तर तो त्याचा व्यवसाय झाला, पण 'सरकारी फी' म्हणून कोणी रक्कम सांगितली तर उठून यावं. अमेरिकेच्या अशाच योजनेला, ग्लोबल एन्ट्रीला, मात्र १२० डॉलर पडतात.

अर्ज गेल्यावर पडताळणी होते. तिला महिनाभर लागू शकतो, त्यामुळे पुढच्या आठवड्याच्या विमानासाठी आज अर्ज करण्यात हशील नाही. माहिती खोटी किंवा दडवलेली निघाली तर अर्ज बाद होतो. मंजुरीचा निरोप आला की उरतं ते बायोमेट्रिक: बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो.

ते कुठे द्यायचं, हा नाशिककराचा खरा प्रश्न. नाशिकमध्ये ती सोय नाही. एक पर्याय मुंबईच्या एफआरआरओ, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या कार्यालयाचा. ते सीएसएमटीजवळ सेंट झेवियर्स कॉलेजच्या मागे आहे, म्हणजे सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडली तर स्टेशनवरून चालत जाण्याजोगं. दुसरा पर्याय विमानतळाचा. माझं मत विचाराल तर तेवढ्यासाठी मुंबईचा हेलपाटा घालू नये. पुढचा प्रवास ठरलेलाच असेल तर बायोमेट्रिकसाठी विमानतळ निवडावा आणि त्या दिवशी तासभर आधी पोचावं. द्राक्षबागेत, शेतात हातांनी काम करणाऱ्यांचे ठसे घासलेले असतात. आधारच्या वेळी त्रास झाला असेल तर इथेही दोन-तीनदा बोट ठेवावं लागेल, हे धरून चाला.

गेटवर काय होतं

चेक-इन करून बोर्डिंग पास घ्यायचा आणि ई-गेटकडे, म्हणजे आपोआप उघडणाऱ्या इमिग्रेशनच्या दारांकडे जायचं. पहिल्या गेटवर पासपोर्टचं फोटोचं पान काचेवर सपाट ठेवायचं. टूर कंपनीने दिलेलं रेक्झिनचं कव्हर इथेही काढावं लागतं, नाहीतर पान उचललेलं राहतं. मग बोर्डिंग पास दाखवायचा. छापील पास बरा, मोबाइलची स्क्रीन नको त्या क्षणी विझते. गेट उघडलं की आत, टोपी-चष्मा काढून कॅमेऱ्याकडे बघायचं. चेहरा जुळला की दुसरं गेट उघडतं. नाही जुळला तर बाजूच्या अधिकाऱ्याकडे पाठवतात, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. परतीच्या वेळीही बोर्डिंग पास जपून ठेवावा.

याने इमिग्रेशनची रांग वाचते, सुरक्षा तपासणीची नाही. बॅगेचा पट्टाही कोणासाठी लवकर फिरत नाही. ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) नोंद असलेल्या पासपोर्टवर आखातात नोकरीला जाणाऱ्यांनी लागणारी एमिग्रेशन परवानगी, म्हणजे नोकरीसाठी देशाबाहेर जाण्याची मंजुरी, ई-मायग्रेट पोर्टलवरून आधीच घ्यावी, ई-गेट तिला पर्याय नाही. आणि परदेशातल्या विमानतळावरची रांग त्या देशाच्या नियमाने चालते. थायलंडला जाणाऱ्यांना १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. तेही फुकट असतं.

द्राक्ष निर्यातीसाठी वर्षातून चार वेळा जाणाऱ्याने, किंवा मुलांकडे अमेरिकेला येऊन-जाऊन असणाऱ्या आईवडिलांनी वयाची अट बसत असेल तर हा अर्ज जरूर करावा. दहा वर्षांतून एकदा बँकॉकची टूर करणाऱ्याने नाही केला तरी चालेल. त्याने घरून तासभर आधी निघावं.