खोडाला भोक पाडून झाड वाचतं का?

पहिलं महायुद्ध संपलं त्या सुमारास हॉलंड, बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समधले एल्म वृक्ष ऐन उन्हाळ्यात वाळायला लागले. आधी एखादी फांदी पिवळी पडायची, पानं गुंडाळून तपकिरी व्हायची आणि मग बघता बघता अख्खं झाड उभ्याउभ्या सुकायचं. युद्धात सोडलेल्या विषारी वायूंचा हा परिणाम असावा असं काही लोक म्हणत, तर कुणी अवर्षणाला दोष देत. खरं कारण १९२१ मध्ये बेआ श्वार्ट्स या तरुण डच संशोधिकेला सापडलं. झाडाच्या लाकडात एक बुरशी वाढत होती. श्वार्ट्स ज्यांच्या प्रयोगशाळेत काम करत होत्या त्या योहाना वेस्टरडाइक म्हणजे नेदरलँड्समधल्या पहिल्या महिला प्राध्यापक. श्वार्ट्स यांचा निष्कर्ष अनेकांना पटला नाही. पुढे वेस्टरडाइक यांच्याच दुसऱ्या विद्यार्थिनीने, क्रिस्टीन बाउसमन यांनी, १९२७ मध्ये पक्का पुरावा दिला तेव्हा कुठे वाद मिटला. हे मूळ संशोधन डचांचं, म्हणून रोगाला ‘डच एल्म डिसीज’ म्हणतात.

एल्म आपल्या रस्त्यांवर दिसत नाही, पण आपला वावळ त्याच कुळातला आहे. उन्हाळ्यात वावळाची चपटी, कागदी पंखांची फळं वाऱ्यावर उडताना ज्यांनी पाहिली असतील, त्यांना एल्मची फळं ओळखीची वाटतील. युरोप-अमेरिकेत मात्र एल्म हा रस्त्याचा, बागेचा, गावच्या वेशीचा वृक्ष होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस या बुरशीची जास्त जहाल जात उत्तर अमेरिकेतून आलेल्या ओंडक्यांबरोबर ब्रिटनमध्ये उतरली आणि तिथले २.५ कोटींहून जास्त एल्म मेले. इंग्लंडच्या ग्रामीण भागाचं रूपच त्यामुळे बदललं. झाडाच्या खोडात औषध टोचण्याचं तंत्र आज ज्या पातळीला आहे, त्यामागे या एका रोगाशी चाललेली दीर्घ झुंज आहे.

रोग पसरतो तो छोट्या भुंगेऱ्यांमुळे. मरणाला टेकलेल्या एल्मच्या सालीखाली मादी अंडी घालते, अळ्या तिथेच बोगदे पोखरत वाढतात आणि त्या बोगद्यांत बुरशीही वाढते. नवे भुंगेरे बाहेर पडतात ते अंगाला चिकटलेले बीजाणू घेऊनच. मग ते निरोगी एल्मच्या कोवळ्या फांद्यांच्या बेचक्यात जाऊन साल कुरतडतात आणि बीजाणू थेट लाकडातल्या जलवाहिन्यांमध्ये पोचतात. एल्मच्या बाबतीत गोष्ट आणखी अवघड आहे. त्याच्या रुंद जलवाहिन्या दर वसंतात खोडाच्या सर्वांत बाहेरच्या, नव्या वलयात तयार होतात आणि झाडाचं बहुतेक पाणी तिथूनच वर जातं. बुरशी त्या प्रवाहात यीस्टसारख्या सुट्या पेशी सोडते आणि त्या वाहत वाहत दूरवर जातात. धोका जाणवला की झाड स्वतःच्याच वाहिन्या बुजवायला लागतं. लगतच्या पेशी वाहिनीत फुगून शिरतात, डिंकासारखे पदार्थ साचतात. उद्देश बुरशीला कोंडण्याचा असतो, पण बुरशी पुढे निसटते आणि पाणी मागे अडतं. शेवटी झाड तहानेनं मरतं, आणि त्या तहानेत त्याच्या स्वतःच्या बचावाचाही मोठा वाटा असतो.

अशा रोगावर फवारणीचा उपयोग होत नाही. पंचवीस-तीस मीटर उंच झाडाच्या पानांवर मारलेलं बुरशीनाशक खोडाच्या लाकडात उतरत नाही. मातीत ओतलं तर बरंचसं मातीच्या कणांना धरून बसतं. म्हणून ज्या वाटेनं बुरशी जाते त्याच वाटेवर औषध आधी पोचवायचं, ही कल्पना पुढे आली.

खोडात इंजेक्शन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सलाईनची बाटली येते. ही तुलना एका मर्यादेपर्यंतच चालते. आपल्या शरीरात हृदय रक्त फिरवतं, त्यामुळे हातात सोडलेलं औषध पायापर्यंत जातं. झाडात असा पंप नाही. पानांतून पाण्याची वाफ होते, तिच्यामुळे जलवाहिन्यांतला पाण्याचा अखंड स्तंभ वर ओढला जातो आणि मुळं खालून आणखी पाणी घेतात. वाहिनीतलं पाणी असं ताणाखाली असतं. त्यामुळे ड्रिलनं भोक पाडलं की खोडातून पाण्याची धार लागत नाही, उलट हवाच आत शोषली जाते. हवेचा बुडबुडा शिरलेली वाहिनी निकामी होते. शिवाय ओढ वरच्या दिशेनं असल्यामुळे एका भोकातून दिलेलं औषध प्रामुख्यानं त्याच्या वरच्या पट्ट्यातल्या फांद्यांकडे जातं, सगळ्या झाडाला वाटलं जात नाही.

पद्धतीतले बारकावे या दोन गोष्टींमधून आले आहेत. भोकं छातीच्या उंचीवर पाडत नाहीत. बुंध्याभोवतीची माती दूर करून, खोड जिथे रुंदावून मुळांत मिसळतं तिथे पाडतात, कारण तिथून औषध जास्त सारखं पसरतं आणि जखमही लवकर झाकली जाते. भोकं साधारण ८ मिलिमीटर व्यासाची, उथळ आणि बुंध्याभोवती थोड्या थोड्या अंतरावर असतात. खोल जाऊन काही मिळत नाही. पाणी वाहणारं वलय बाहेरच असतं. ड्रिलचं पातं धारदार लागतं, बोथट पात्यानं वाहिन्यांची तोंडं चुरगळून बंद होतात. सगळ्या भोकांत नळ्या बसवून त्या एका रबरी पाइपला जोडतात आणि भरपूर पाण्यात मिसळलेलं औषध हलक्या दाबानं सोडतात. मोठ्या झाडाला काही तास लागतात. पानं पूर्ण उघडलेली, जमिनीत ओल आणि वर कोरडं ऊन असा दिवस यासाठी उत्तम, कारण तेव्हा झाड जोरात पाणी ओढत असतं. पंपाचा दाब लावला तरी वरच्या शेंड्यापर्यंतची वाहतूक झाडालाच करावी लागते. मला या तंत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते, आणि त्याच्या बहुतेक मर्यादाही इथूनच सुरू होतात.

औषध कोणतं, हा प्रश्नही सोपा नव्हता. बुरशी मारणारी रसायनं होती, पण ती पाण्यात नीट विरघळत नव्हती आणि न विरघळणारे कण जलवाहिनीत काही अंतरावर अडकून पडत. आपल्या शेतकऱ्यांना चांगलं माहीत असलेलं कार्बेन्डाझिम घ्या. १९७० च्या दशकात त्याचा फॉस्फेट क्षार बनवून तो एल्ममध्ये टोचायला सुरुवात झाली, कारण तो विरघळतो. आज थायाबेंडाझोलचा असाच विरघळणारा क्षार किंवा प्रोपिकोनॅझोल वापरतात. थायाबेंडाझोल बुरशीच्या पेशींचं विभाजन रोखतं; प्रोपिकोनॅझोल तिच्या पेशीपटलाला लागणारं एर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाही. थायाबेंडाझोलची पूर्ण मात्रा नीट बसली तर तीन हंगामांपर्यंत संरक्षण मिळू शकतं.

संरक्षण मिळतं, असं मी मुद्दाम म्हणतो आहे. रोग जडलेल्या झाडाला बरं करणं हे वेगळं आणि फार कठीण काम आहे. वाहिन्या बुजल्या की औषधही तिथे जाऊ शकत नाही. पर्णसंभाराचा अगदी थोडा भाग, साधारण ५ टक्क्यांहून कमी, सुकलेला असेल आणि रोग भुंगेऱ्यामार्फत वरून आलेला असेल, तरच उपचाराला अर्थ असतो. तेव्हाही रोगट फांदी कापावी लागते, आणि लाकडातल्या तपकिरी रेघा जिथे संपतात त्याच्याही दोन-तीन मीटर अलीकडे, निरोगी लाकडात. रोग मुळांतून आला असेल तर इंजेक्शनवर भरवसा ठेवता येत नाही. एका रांगेत लावलेल्या एल्मची मुळं जमिनीखाली एकमेकांना जुळून एकजीव होतात आणि बुरशी या झाडातून त्या झाडात सरळ चालत जाते. तिथे दोन झाडांमध्ये खोल चर खणून मुळं तोडणं हाच खरा उपाय.

दुसरी बाजू जखमेची. अमेरिकी वनखात्यातले शास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो यांनी हजारो खोडं उभी चिरून तपासली आणि दाखवून दिलं की झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. बिघडलेल्या लाकडाभोवती झाड रासायनिक भिंती उभारतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. आतला डाग आयुष्यभर आतच राहतो. प्रत्येक भोकाच्या वर आणि खाली रंग बदललेल्या लाकडाचा एक पट्टा तयार होतो. दर दोन-तीन वर्षांनी दहा-वीस भोकं पाडली तर काही दशकांत बुंध्याजवळ पाणी वाहून नेणारं चांगलं लाकूड किती उरेल, याचा विचार आधीच करायला हवा. म्हणून सरसकट सगळ्या झाडांना इंजेक्शन देण्याच्या मी विरोधात आहे. एखादा शतकभर जुना, गावाची ओळख असलेला वृक्ष असेल तर हा खर्च आणि ही इजा सोसावी. जंगल या मार्गानं वाचत नाही.

शहरं वाचली आहेत ती मुख्यतः स्वच्छतेच्या जोरावर. इंग्लंडमधल्या ब्रायटनमध्ये आजही मोठ्या संख्येनं एल्म उभे आहेत, कारण तिथे आजारी झाड दिसलं की ते तातडीनं हलवलं जातं, म्हणजे सालीखाली भुंगेऱ्यांची पुढची पिढी वाढत नाही. इतकं करूनही तिथल्या प्रेस्टन पार्कमधल्या प्रसिद्ध जुळ्या एल्मपैकी एक २०१९ मध्ये गमवावा लागला.

नेदरलँड्समध्ये इंजेक्शनची आणखी एक तऱ्हा आहे आणि ती मला फार आवडते. तिथे १९९२ पासून दर वसंतात एल्मच्या खोडात बुरशीनाशक न टोचता दुसऱ्या एका बुरशीचे बीजाणू शुद्ध पाण्यातून टोचतात. व्हर्टिसिलियम जातीचा हा वाण झाडाला आजारी पाडत नाही. टोचलेल्या जागेच्या आसपासच तो राहतो, पण झाडाची बचावयंत्रणा तेवढ्यानं जागी होते. मग खरा रोग आला की झाड वेळेत प्रतिकार करतं. याची मात्रा अगदी थोडी असल्यानं जखमही लहान असते. मात्र परिणाम एकाच हंगामापुरता टिकतो, आणि आधीच लागण झालेल्या झाडाला त्याचा उपयोग नाही. कायमचा उपाय प्रतिकारक्षम वाणांमध्ये आहे. डच पैदासकारांनी त्यासाठी हिमालयातला एल्म वापरला. पुढे क्लाइव्ह ब्रेझियर या ब्रिटिश शास्त्रज्ञाला हिमालयात याच गटातली तिसरी बुरशी सापडली. ती तिथल्या एल्मसोबत साथ न पसरवता नांदते.

औषध झाडात कुठल्या दिशेनं जातं, यावरही बरंच अवलंबून असतं. वर सांगितलेली औषधं पाण्याबरोबर वरच जातात. मुळं कुजत असतील तर ती निरुपयोगी. ॲव्होकाडोची मुळं कुजवणारा फायटॉप्थोरा दिसायला बुरशीसारखा असला तरी खरी बुरशी नाही, तो तपकिरी शैवालांच्या जवळचा. तो स्वतः एर्गोस्टेरॉल बनवतच नाही, त्यामुळे प्रोपिकोनॅझोल त्याचं काही बिघडवत नाही. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या संशोधकांनी ॲव्होकाडोच्या खोडात फॉस्फोनेट टोचलं. ते पाण्याबरोबर पानांत जातं आणि तिथून साखरेबरोबर अन्नवाहिन्यांतून पुन्हा खाली मुळांपर्यंत उतरतं. म्हणून नवी पालवी पक्व झाल्यावर, मुळांची वाढ जोमात असताना ते देतात. न्यूझीलंडमध्ये कौरी या महाकाय वृक्षांवर अशाच रोगाविरुद्ध हेच औषध टोचलं जातं.

आपल्याकडचं जवळचं उदाहरण नारळाचं. १९५२ च्या वादळानंतर तंजावर भागात नारळाची मर जोरात पसरली, म्हणून तिला ‘तंजावर मर’ म्हणू लागले. कारण गॅनोडर्मा ही जमिनीतून मुळांवाटे शिरणारी बुरशी. नारळाच्या खोडाला भोक पाडणं मात्र घातक. त्याच्या खोडात दरवर्षी नवं वलय चढत नाही, वाहिन्यांचे जुडगे सगळीकडे विखुरलेले असतात आणि आयुष्यभर तेच काम करतात. पाडलेलं भोक कधीच झाकलं जात नाही. म्हणून औषध मुळातून पाजतात. पेन्सिलीएवढं जाड, जिवंत मूळ शोधायचं, तिरका छेद द्यायचा आणि त्याचं टोक औषधाच्या प्लॅस्टिक पिशवीत बुडवून पिशवी बांधायची. नारळावरच्या कोळी किडीसाठी कोकणातल्या बागायतदारांनी ही पद्धत वापरलेली आहे. २४ तासांत औषध ओढलं गेलं नाही तर ते मूळ सोडून दुसरं घ्यायचं.

गॅनोडर्मासाठी अशा प्रकारे देण्याची शिफारस झालेलं ऑरिओफंजीन हे औषध पिंपरीचं आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या सूक्ष्मजीवापासून ते मिळवलं. पेनिसिलिन बनवण्यासाठी उभ्या राहिलेल्या कारखान्यातून झाडांसाठी प्रतिजैविक निघावं, ही अभिमानाची गोष्ट आहे आणि ती महाराष्ट्रातच फारशी कुणाला ठाऊक नाही.

इथेही वेळ महत्त्वाची. बुंध्याशी तांबूस चिकट द्रव पाझरताना दिसला, बाहेरच्या झावळ्या लोंबू लागल्या, एवढ्यावर हालचाल केली तर औषध वर चढायला वाट शिल्लक असते. बुंध्यावर गॅनोडर्माची कडक छत्री उगवेपर्यंत आतलं बरंच कुजलेलं असतं. असं झाड मुळासकट काढावं, आसपास सुमारे १ मीटर खोल चर खणावा आणि शेजारच्या निरोगी माडांना निंबोळी पेंड व ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) द्यावं. मुळातून औषध देण्याआधी तयार नारळ उतरवून घ्यावेत आणि नंतर सुमारे दीड महिना त्या माडावरचं शहाळं किंवा नारळ काढू नये. औषध आणि मात्रा ठरवण्याआधी कृषी विद्यापीठाच्या जवळच्या केंद्राला विचारावं; रत्नागिरीजवळ भाट्ये इथे नारळासाठीच वेगळं संशोधन केंद्र आहे.