वाइड लेन्स, हायपरफोकल आणि पुसट डोंगर

समज असा: वाइड अँगल लेन्स हायपरफोकल अंतरावर (जिथे फोकस केल्यावर त्याच्या निम्म्यापासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट धरलं जातं) फोकस केली की पायाजवळच्या दगडापासून क्षितिजापर्यंत सगळं कडक शार्प येतं.

गणित खोटं नाही. त्यातली अट तेवढी कुणी पुढे पाठवत नाही. फुल फ्रेम कॅमेरा, २० मिमी लेन्स, एफ/८ अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) घेतलं तर हे अंतर साधारण १.७ मीटर येतं. पण एका बिंदूचा सेन्सरवर ०.०३ मिमीचा धूसर ठिपका झाला तरी ‘चालेल’ असं धरून. छोटी प्रिंट हातात घेऊन बघताना तो जाणवतही नसे. २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर मात्र एक पिक्सेल ०.००६ मिमीचा, म्हणजे डोंगरावरचा प्रत्येक बिंदू पाच पिक्सेल रुंद पसरतो.

मग डोंगरासाठी फोकस रिंग अनंताकडे शेवटपर्यंत फिरवावी? नको, बऱ्याच ऑटोफोकस लेन्स अनंताच्याही पलीकडे फिरतात.

राजगडावरून तोरणा टिपताना ट्रायपॉडवर करून बघा. एक फोटो १.७ मीटरवर, दुसरा लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचं थेट दृश्य) मोठा करून थेट तोरण्यावर फोकस करून. दोन्ही १०० टक्क्यांवर शेजारी ठेवा. दुसऱ्यात गमावतो ती फक्त ८५ सेंटिमीटर ते १.७ मीटरमधली जमीन. त्यापुढचं सगळं ०.०३ मिमीच्या जुन्या अटीत बसतंच. मला हा सौदा स्वस्त वाटतो. अर्थात, रानफूल अगदी पुढ्यात हवं असेल तर गोष्ट वेगळी.