पाण्याखालचे नृत्य आणि भारहीन अवस्थेतले नृत्य

ह्यूस्टन येथे नासाचा ६२ मीटर लांब आणि १२ मीटर खोल तलाव आहे. अंतराळस्थानकाबाहेर करायच्या कामांचा सराव अंतराळवीर त्यात बुडून करतात, आणि बहुधा यामुळेच पाण्याखालचे नृत्य म्हणजे भारहीन नृत्याचीच स्वस्त आवृत्ती, असा समज रूढ झाला आहे. चित्रफितीत दोन्ही सारखीच दिसतात, कारण केस पसरलेले असतात, पाय कशावरही टेकलेले नसतात आणि शरीर उलटे झाले तरी पडत नाही. नर्तकाच्या दृष्टीने मात्र हे दोन रंगमंच जवळजवळ परस्परविरोधी आहेत.

पाण्यात वजन नाहीसे होत नाही. उत्प्लावक बल त्वचेवर बाहेरून दाब देऊन ते तोलून धरते. शरीराच्या आत गुरुत्वाकर्षण पूर्वीसारखेच काम करत असते आणि आतल्या कानातले सूक्ष्म स्फटिक नर्तकाला खालची दिशा सांगतच राहतात. अंतराळस्थानकात गुरुत्वाकर्षण नसते, हाही गैरसमजच आहे. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर ते जमिनीवरच्या नऊ दशांशांइतके असते. पण स्थानक आणि त्यातली माणसे एकाच वेगाने पृथ्वीभोवती पडत असल्यामुळे कोणीच कोणावर टेकत नाही. तेथे कानातल्या स्फटिकांवरही भार येत नाही, आणि वर कोणते व खाली कोणते हे केवळ डोळ्यांनी ठरवावे लागते.

हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असलेले पाणी प्रत्येक हालचालीला विरोध करते, आणि त्या विरोधातच ढकलण्यासाठी आधारही देते. हात फिरवला की शरीर वळते, थांबवला की वळणे आपोआप विरते. श्वासही येथे नृत्यरचनेचा भाग होतो. रोखलेल्या श्वासावर खाली जाताना १० मीटरवर फुप्फुसांतली हवा निम्म्या आकारमानाची होते, उत्प्लावकता घटते आणि शरीर अधिक सहज बुडू लागते. इटलीत पादुआजवळ ‘वाय-४०’ नावाचा ४० मीटरहून खोल तलाव आहे. त्यात श्वसनाचे साधन न वापरता नाचलेल्या फ्रेंच मुक्तपाणबुड्या ज्युली गोतिए यांची संथ, अखंड लय या विरोधातूनच घडली आहे. ती अंतराळाची नक्कल मानणे मला अन्यायाचे वाटते.

भारहीन अवस्थेत हा आधारच नाही. एकदा सुरू झालेली गिरकी कशाला तरी धरेपर्यंत चालूच राहते. कथ्थकचा तत्कार तेथे करायचा म्हटला, तर पहिल्याच आघाताला नर्तक छताकडे फेकला जाईल. हातपाय आत ओढून किंवा पसरून गिरकीचा वेग बदलता येतो, पण जागा बदलण्यासाठी भिंत, दोरी किंवा दुसरा नर्तक लागतोच. त्यामुळे येथे स्पर्श हीच रचनेची मूळ सामग्री ठरते.

ही अवस्था बहुतेक कलावंतांना अंतराळात नव्हे, तर विमानात मिळते. बोर्दो येथून उडणारे एअरबस ए-३१० विमान चढत जाऊन कमानीसारख्या मार्गाने झेपावते, तेव्हा सुमारे २२ सेकंद भारहीनता लाभते. तिच्या आधी आणि नंतर सुमारे वीस-वीस सेकंद शरीर जवळजवळ दुप्पट जड होते. एका उड्डाणात असे ३१ फेरे होतात. फ्रेंच नृत्यरचनाकार कित्सू द्युबुआ १९९०च्या दशकाच्या आरंभापासून अशा उड्डाणांत काम करत आल्या आहेत. डिसेंबर १९९९ मध्ये स्लोव्हेनियाचे दिग्दर्शक द्रागान झिवादिनोव यांनी रशियन इल्युशिन विमानात प्रेक्षकांसह नाट्यप्रयोग केला. जड होऊन जमिनीला चिकटलेले क्षण प्रयोगाबाहेर ठेवता येत नाहीत. भारहीनतेची किंमत शरीर तेथेच मोजत असते, आणि माझ्या मते या प्रयोगांचे नाट्य त्या आलटून-पालटून येण्यातच आहे.

पाण्याचा सराव जेथे मुळीच उपयोगी पडला नसता, असे एक उदाहरण २०१७ सालचे आहे. ब्राझीलमध्ये जन्मलेले कलावंत एदुआर्दो काक यांच्या सूचनांनुसार अंतराळवीर तोमा पेस्के यांनी अंतराळस्थानकात कागदाचे दोन ताव कात्रीने कापून एक आकृती केली आणि ती तरंगत सोडली. तिला वरची बाजू नाही आणि खालचीही नाही. एका कोनातून तिच्यात ‘मी’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दाची अक्षरे वाचता येतात. तलावात हा कागद भिजून लोळागोळा झाला असता, आणि जमिनीवर तो कोणत्या तरी बाजूवर टेकलाच असता.