भूजल शिकायचंय? गोव्यातून अर्ज करताना

बारावीचा निकाल लागला की ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, "पोरीला पाण्याचं शास्त्र शिकायचंय, फॉर्म कुठे मिळतो?" मग प्रवेशपुस्तिकेत 'भूजलशास्त्र' हा शब्द शोधत दोघंतिघं डोकी खाजवतात. बीएस्सीला या नावाची पदवी शोधू नका. भूजलाची वाट भूगर्भशास्त्रातून जाते, नाहीतर सिव्हिल इंजिनिअरिंगमधून. कुठली घ्यायची, ते बारावीनंतरच्या पहिल्या अर्जातच ठरून जातं. भौतिकशास्त्रात बीएस्सी करून पुढे वळू, असं म्हणणाऱ्यांची पात्रतेच्या अटीपाशी अडचण होते, कारण भूगर्भशास्त्राच्या एमएस्सीला पदवीला तोच विषय असावा लागतो.

गोव्यात बीएस्सीला भूगर्भशास्त्र घ्यायचं तर मडगावचं चौगुले कॉलेज आणि मिरामारचं धेंपे कॉलेज ही नेहमीची नावं. बारावी विज्ञान शाखेतून हवी. माझं एक आग्रहाचं सांगणं: गणित टाकू नका. "दगडच तर ओळखायचे" असं म्हणत गणिताला रामराम ठोकणारे पुढे पंपिंग टेस्टच्या, म्हणजे विहिरीचं पाणी उपसून पातळी किती उतरते ते मोजण्याच्या चाचणीच्या, आलेखापाशी अडतात. हेन्री डार्सीने 1856 मध्ये वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याचा नियम मांडला, तो गुणाकार-भागाकारात बसतो. पण अमेरिकन भूजलतज्ज्ञ थाइसचं 1935 चं समीकरण कॅल्क्युलसशिवाय हातात येत नाही, आणि विहीर किती पाणी देईल याचा हिशेब तिथूनच सुरू होतो.

हा विषय गोव्यात बसून शिकण्यात एक फायदा आहे. वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मेमध्ये सड्यालगतच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारालगतच्या, वाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. चिऱ्याचा दगड, म्हणजे जांभा, भोकाभोकांचा. पाणी पटकन पितो आणि तितक्याच पटकन खालच्या झरींना देऊन टाकतो. किनाऱ्याला उपसा जास्त झाला की खारं पाणी आत सरकतं. डिचोली-सत्तरीकडे खाणीचे खड्डे भूजलपातळीच्या खाली गेले, तेव्हा पाणी उपसल्याशिवाय खनिज काढता येईना. घरची बाव, म्हणजे विहीर, असेल तर आजपासून दर रविवारी तिच्या पाण्याची पातळी मोजा. मोजपट्टीच्या खालच्या हातभर भागाला खडू चोळायचा, पट्टी पाण्यात सोडायची, काठावरच्या खुणेशी आलेला आकडा लिहायचा, आणि वर ओढून ओल कुठपर्यंत चढली तो आकडा त्यातून वजा करायचा. काठावरची खूण मात्र कायम एकच. वर्षभराची ही वही पुढे प्रकल्पाला उपयोगी पडते.

आता एमएस्सी. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात उपयोजित भूगर्भशास्त्राची एमएस्सी आहे. प्रवेशासाठी विद्यापीठाची स्वतःची परीक्षा असते, तिला जीयू-आर्ट म्हणतात. अर्ज ऑनलाइन भरायचा. पदवीच्या शेवटच्या सत्राचा निकाल यायचा असला तरी अर्ज भरून ठेवावा, निकालाची वाट बघणारा मागे राहतो. बाहेरच्या विद्यापीठातून पदवी घेतली असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र आधी मागून घ्या.

गुणपत्रिका, शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, आधार, फोटो हे सगळ्यांकडे असतं. घोडं अडतं ते मामलेदार कार्यालयातून मिळणाऱ्या पंधरा वर्षांच्या रहिवासी दाखल्यापाशी. अर्ज गोवा ऑनलाइन या सरकारी संकेतस्थळावर करता येतो, पण दाखला काही त्याच दिवशी हातात पडत नाही. निकालानंतर सगळा तालुका एकाच वेळी अर्ज करतो. म्हणून परीक्षा सुरू व्हायच्या आधी, फेब्रुवारीतच, अर्ज टाकून मोकळं व्हा. ओबीसी किंवा एसटीचा जातीचा दाखला उपजिल्हाधिकाऱ्यांकडून घ्यावा लागतो. ओबीसींना नॉन-क्रिमिलेअर लागतं, आणि ते जुनं चालत नाही.

आडनावाच्या स्पेलिंगकडे तर आधी बघा. आपल्याकडे जुन्या कागदांवर पोर्तुगीज वळणाची स्पेलिंगं आहेत. जन्मदाखल्यावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आधारवर तिसरंच. माझ्या भाचीच्या वेळी वडिलांच्या नावातल्या एका अक्षरासाठी एका कार्यालयाने तीन फेऱ्या मारायला लावल्या. दोन्ही नावं एकाच माणसाची, असं प्रतिज्ञापत्र लागेल हे पहिल्याच फेरीत सांगता आलं असतं. ते नोटरीकडून करून झेरॉक्ससह फाईलला लावून ठेवा. नावच बदलायचं असेल तर ते प्रतिज्ञापत्रावर भागत नाही, गोव्यात त्यासाठी 1990 चा वेगळा कायदा आहे.

गोव्याबाहेर जायचं असेल तर दोन परीक्षा आणि दोन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. लोक त्यांची गल्लत करतात. बीएस्सीनंतर आयआयटीत एमएस्सी करायची तर जॅम द्यायची, विषय भूगर्भशास्त्र. मुंबई आणि धनबादला उपयोजित भूगर्भशास्त्र आहे. एमटेकसाठी गेट, आणि त्याआधी बीई किंवा एमएस्सी. नुसत्या तीन वर्षांच्या बीएस्सीवर गेट देता येते, पण सहसा त्यावर एमटेकचं दार उघडत नाही. गेटमध्ये 'जीजी' हा पेपर निवडताना आत पुन्हा भूगर्भशास्त्र की भूभौतिकी हे सांगावं लागतं, तिथे घाईत चुकीवर टिचकी मारू नका. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. रुरकीच्या आयआयटीत जलविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे आणि राष्ट्रीय जलविज्ञान संस्थाही त्याच गावात, 1978 पासून. हा विषय मनापासून करायचा असेल तर माझं मत रुरकीच्या बाजूने. कुठल्या शाखेच्या पदवीधराला अर्ज करता येतो, ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात वाचून घ्या. पैशांची चणचण असेल तर गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्ज योजना आहे.

नोकरीचं विचाराल तर यूपीएससीची संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा. केंद्रीय भूजल मंडळातली जलभूवैज्ञानिकाची पदं तिच्यातून भरतात. भूगर्भशास्त्र, उपयोजित भूगर्भशास्त्र किंवा जलभूविज्ञान यांतली पदव्युत्तर पदवी हवी. परीक्षेच्या वर्षी 1 जानेवारीला वय 21 पूर्ण आणि 32 च्या आत, राखीव गटांना सवलत. पूर्वपरीक्षा, मुख्य, मग मुलाखत. मुख्य परीक्षेत भूगर्भशास्त्राचे दोन पेपर सामाईक, तिसरा जलभूविज्ञानाचा.

इथे ओबीसी मुलांची एक ठरलेली चूक होते. विद्यापीठाला दिलेला राज्याच्या नमुन्यातला दाखला ते यूपीएससीलाही जोडतात. तिथे केंद्राच्या नमुन्यातला लागतो आणि जातही केंद्राच्या यादीत असावी लागते. दाखल्यासाठी रांगेत उभे राहिलाच आहात तर दोन्ही नमुने एकदमच मागून घ्या.