चिलीत राजमा चालतो का?

"राजमा घातला की ती चिली उरतच नाही," असं चिली या मांस-मिरच्यांच्या रश्श्याबद्दल अमेरिकेतल्या टेक्सस राज्यात वर्षानुवर्षं ठासून सांगितलं जातं. यात तथ्य आहे, पण अर्धंच. १९७७ साली टेक्ससने चिलीला राज्याचा अधिकृत पदार्थ ठरवलं. तिथली पद्धत म्हणजे मांस, सुक्या लाल मिरच्या, जिरं आणि दाट रस्सा. टेक्ससमधल्याच टर्लिंग्वा गावच्या प्रसिद्ध चिली स्पर्धेतही भांड्यात बीन्स, म्हणजे राजम्यासारखे दाणे, चालत नाहीत. पण तो झाला स्पर्धेचा नियम, घरच्या चुलीला तो कशाला लावायचा?

एकोणिसाव्या शतकात टेक्ससमधल्या सॅन अँटोनियो शहराच्या चौकांत बायका रात्री कंदिलाच्या उजेडात चिली विकायच्या, आणि सोबत बीन्सही असायचेच. म्हणजे ही जोडी जुनीच आहे. टेक्ससबाहेर तर बीन्सवाली चिली घरोघरी शिजते.

खरी काळजी घ्यायची ती राजमा शिजवताना. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात निदान १० मिनिटं खळखळून उकळा आणि मग मऊ होईपर्यंत शिजवा. कच्च्या राजम्यातलं विषारी द्रव्य मंद आचेवर नीट जात नाही, उलट्या होतात. टोमॅटो मात्र दाणा बोटाने सहज चिरडला गेला की मगच घाला. आंबटपणाने साल कडक राहते.