पिवळ्याखाली पांढरा, निळ्याखाली काळा

दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या टॅनेजर पक्ष्यांचे फोटो हल्ली बरेच फिरतात आणि त्यांच्याखाली कुणी ना कुणी हमखास लिहितं, ‘रंगीत फळं खातो, म्हणून एवढा रंगीत!’ हे निम्मंच खरं आहे.

केशरी माथ्याचा टॅनेजर घ्या. व्हेनेझुएलापासून बोलिव्हियापर्यंत अँडीजच्या उतारांवर, सदा ढगांत बुडालेल्या ओल्या जंगलांत तो राहतो. लांबी सुमारे १३ सेंटिमीटर, आपल्या चिमणीहूनही लहान. बारीक फळं चोचीत चिरडून खायची, जोडीला शेवाळलेल्या फांद्यांवरचे किडे टिपायचे. डोकं पिवळंधमक, अंग निळसर हिरवं.

यातला पिवळा रंग खरोखरच खाण्यातून येतो. तो कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांचा असतो. पक्ष्याच्या शरीराला ती मुळापासून तयार करता येत नाहीत, आहारातूनच मिळवावी लागतात. निळ्याची गोष्ट वेगळी आहे. पक्ष्यांच्या निळ्या पिसांत बहुधा निळं रंगद्रव्य नसतंच. पिसाच्या तंतूंत केराटिनची (आपली नखं-केस ज्याचे बनतात त्या प्रथिनाची) अतिसूक्ष्म जाळी असते आणि तिच्यात हवेच्या पोकळ्या असतात. या पोकळ्यांमधली अंतरं प्रकाशाच्या तरंगलांबीशी जुळतील इतकी लहान असतात. त्यामुळे निळ्या लहरी एकमेकींना बळ देत परततात आणि बाकीच्या आत निघून जातात. खंड्याचं गळलेलं निळं पीस दिसलं तर उजेडासमोर धरून पलीकडे बघा. निळाई जाते, पीस मळकट तपकिरी दिसतं. (बघून झालं की तिथेच ठेवा.)

पण हा रंग एवढा झळझळीत कसा? प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२५ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या शोधपत्रिकेत याचं उत्तर दिलं. टॅनेजरच्या रंगीत पिसांच्या टोकांखाली आणखी एक थर दडलेला असतो. पिवळ्या-लाल भागाखाली तो पांढरा, निळ्या भागाखाली काळा.

रंगारी भिंतीला पिवळा देण्याआधी पांढरा प्रायमर मारतो, तसंच हे. पिसाचं टोक पातळ असल्यामुळे थोडा प्रकाश आरपार जातो. खालचा पांढरा थर तो परत फेकतो, परतताना तो पुन्हा पिवळ्यातून गाळला जातो आणि रंग उजळतो. निळ्याखाली मात्र पांढरा थर घात करेल, कारण आत गेलेल्या लाल-पिवळ्या लहरी तिथून परत येतील, निळ्यात मिसळतील आणि रंग फिका पडेल. काळा थर त्यांना गिळून टाकतो, म्हणून निळा गडद राहतो. प्रत्येक रंगाला नेमकं हवं तेच अस्तर! मला तरी या पक्ष्याबद्दलची सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

आपल्या नीलपंखाची निळाईही अशाच रचनेतून येते. दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ, या समजुतीपायी देशात काही ठिकाणी त्याला पकडून, पाय बांधून लोकांना दाखवत फिरवतात. केराटिन आणि हवेच्या या खेळात कुणाचं नशीब लिहिलेलं नाही. पक्ष्याचे हाल मात्र होतात, आणि ते थांबायलाच हवेत.

पुढचा प्रश्न, मादी जोडीदार कशी निवडते याचा. जितका पिवळा झळाळता तितका नर निरोगी, त्याला खाणं चांगलं मिळतं, असा तर्क पक्षिशास्त्रात जुना आहे. पण झळाळीतला काही वाटा खालच्या पांढऱ्या थराचा असेल, तर पिसांच्या चमकेवरून नराच्या आहाराचा अंदाज बांधताना तो वाटा वेगळा मोजावा लागेल.